डुक्कर फियाटचा भाव

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात प्रत्येक वस्तूचा भाव ठरवायची एक रीत आहे. सातपाटीच्या बंदरावर पापलेट नुसत्या वजनावर जात नाही, आकारही बघतात. भात खंडीवर आणि मणावर जायचं, गवत पौंडावर, घोलवड-बोर्डीचा चिकू करंडीवर. जमीन पूर्वी एकरावर बोलली जायची. अणुशक्ती प्रकल्प आला, मागोमाग कारखाने आले आणि ती गुंठ्यावर आली. मी महसूल खात्यात तीस वर्षं काढली, सुरुवात तलाठी म्हणून केली. त्यामुळे कागद, हद्द आणि ताबा या तीन गोष्टी पाहिल्या की किंमत कळते, अशी माझी समजूत पक्की होती. पण अडुसष्ट वर्षांची, वरचा रंगही न काढलेली, इंजिन न खोललेली मोटार विकायची झाली तर तिचा भाव कसा काढायचा, याची रीत आमच्याकडे नव्हती. मोटारीला शीघ्रसिद्ध गणक नसतो. २०२४ साली आमच्या घरावर ती वेळ आली आणि ती रीत आम्हाला जागेवर बसून शोधावी लागली.

गाडी १९५६ची फियाट ११००. कंपनीचं नाव तिला मिलेचेंतो, म्हणजे इटालियनमध्ये अकराशे. पण मुंबईपासून डहाणूपर्यंत तिला त्या नावानं कुणी ओळखलं नाही. नाक पुढे आलेलं, गाल फुगलेले, पाठ गोल, म्हणून लोकांनी तिला नाव दिलं डुक्कर फियाट. नाव ठेवणाऱ्याच्या मनात तुच्छता नव्हती, लाडच होता. पुढचे दरवाजे मागे बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे. गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. इंजिन १०८९ सीसीचं. पुढे कंपनीनं अंगावरचा पत्रा कितीदा बदलला, एलिगंट आली, डिलाइट आली, शेवटी प्रीमियर पद्मिनी झाली, पण इंजिनाचं घराणं तेच राहिलं. किमतीच्या हिशेबात या घराण्याला फार महत्त्व आहे, ते पुढे येईलच.

ही गाडी भारतात का बनत होती, त्याचीही एक गोष्ट आहे. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना काढला, बाहेरून आलेले सुटे भाग जोडून तिथे गाड्या तयार होत. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण धरलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचे. जनरल मोटर्सनं १९५४ साली गाशा गुंडाळला. मैदानात राहिले ते देशी कारखानदार. त्यांतले एक वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. तिथून आधी अमेरिकन गाड्या निघाल्या आणि मग इटलीच्या फियाटशी करार करून फियाट. आमची गाडी त्या कुर्ल्याच्या पहिल्या काही वर्षांतली. गिरगावातल्या एका डॉक्टरांनी ती नवी घेतली होती. नंबर बीएम अक्षरांनी सुरू होणारा, जुन्या मुंबईचा.

आमच्या घरी ती १९६३ साली आली. आजोबांचा धंदा गवताचा. आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात, पण त्या काळी गवत हे या भागाचं मोठं पीक होतं. मुंबईच्या तबेल्यांना आणि गोठ्यांना लागणारं गवत पालघर, बोईसर, वाणगावच्या वखारींतून रेल्वेनं जायचं. माळावरचं गवत कापायला वारली माणसं. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेनं वारल्यांना उभं केलं, आणि १९४६ साली गवत कापणाऱ्यांनी मागणी केली की ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. त्यासाठी संप झाला. आजोबा तेव्हा भाव देणाऱ्यांच्या बाजूला होते. घरात याविषयी फारसं बोललं जात नसे. पण भाव कोण ठरवतं आणि कष्ट कोण करतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला पुस्तकाआधी वखारीनं शिकवलं.

आता १९६३ सालचा भाव. जुनी मोटार नव्यापेक्षा स्वस्त, ही आजची समजूत त्या काळाला लावता येत नाही. १९५९ साली सरकारनं मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं होतं. नवी गाडी हवी तर नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची. मिळालेली नवी गाडी लगेच विकायलाही बंदी. त्यामुळे हातात मिळणाऱ्या जुन्या गाडीला जादा पैसे पडत. डॉक्टरांची सात वर्षं वापरलेली फियाट आजोबांनी घेतली तेव्हा आजी म्हणाली होती, "एवढ्यात दोन खाचरं आली असती." खाचरं आली असती हे खरं. पण खाचरात बसून ठाण्याच्या कोर्टात जाता आलं नसतं, हे आजोबांचं उत्तर. एकाच गाडीचा भाव वर्षानुवर्षं कसा बदलतो त्याचा हा पहिला धडा: वस्तू तीच, पण रांग लांब असली की भाव चढतो.

त्याच वर्षी, १९६३ साली, तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी भारत आणि अमेरिकेचा करार झाला. पुढल्या वर्षी बांधकाम लागलं आणि ऑक्टोबर १९६९मध्ये केंद्र चालू झालं. मधल्या पाच वर्षांत बोईसरच्या रस्त्यानं जेवढी चाकं गेली तेवढी आधीच्या शंभर वर्षांत गेली नसतील. जीप, डंपर, क्रेन, परदेशी इंजिनियरांच्या गाड्या. गावातल्या पोरांनी पहिल्यांदा पाना हातात धरला तो तिथे. त्यांतलाच एक वारली मुलगा, बाप आमच्याच वखारीसाठी गवत कापायचा. बांधकामावर आधी खडी टाकायला लागला, मग डंपरचा क्लीनर झाला, मग लायसन काढून ड्रायव्हर. प्रकल्पाचं काम संपलं तसा १९७०मध्ये तो आमच्याकडे डुक्कर फियाटवर आला. आम्ही मुलं त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

काकांनी ती गाडी अठरा वर्षं चालवली. पालघरची कचेरी, डहाणूची महालक्ष्मीची जत्रा, चिल्हार फाट्यावरून हायवे धरून मुंबई, घरातली तीन लग्नं आणि दोन बाळंतपणं. १९८८ साली चुलत्यांनी मारुती घेतली आणि फियाट खळ्याजवळच्या पडवीत उभी राहिली. पुढल्याच वर्षी, १ जुलै १९८९पासून, नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून नूतनीकरण. आमच्या गाडीचं ते कुणी केलं नाही. पासिंग संपलं. त्या दिवसात डुक्कर फियाटला गिऱ्हाईकच नव्हतं. पेट्रोल खाते, भाग मिळत नाहीत, पोरं हसतात. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या भंगारात घातल्या. आमची वाचली, याचं कारण घरातल्या कुणाची दूरदृष्टी नव्हे. पडवी रिकामी होती आणि काका वाडीतच राहत होते.

गाडी उभी राहिली तसा काकांचा ड्रायव्हरचा पगार बंद झाला. वाडीची राखण, त्याबदल्यात राहायला जागा आणि वर्षाचं भात, एवढंच चालू राहिलं. गाडीची काळजी घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी दर मे महिन्याच्या शेवटी ते पडवीत शिरायचे. सागाचे चार ओंडके त्यांनी स्वतः कापून ठेवले होते. गाडी उचलून त्यांवर बसवायची, म्हणजे चाकांवर भार नको. खालच्या सगळ्या पत्र्याला वापरलेलं काळं ऑइल आणि ग्रीस फासायचं. आतल्या चटया काढून उन्हात. काचा बोटभर खाली, म्हणजे आत दमट वास धरत नाही. उंदरांसाठी कडुनिंबाचा पाला. महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून आत ऑइलचे चार थेंब सोडायचे आणि पान्यानं इंजिन हळूच अर्धा फेरा फिरवायचं. वर ताडपत्री, ती पडवीच्या पत्र्यालाच बांधलेली, गाडीला टेकू न देता. मी एकदा विचारलं, "काका, वरनं तर छप्पर हाय, मग खालनं कशाला?" ते म्हणाले, "पाऊस वरनं पडतो, गाडी खालनं सडते."

आमच्याकडे हे वाक्य सोन्याचं आहे. नवापूर, दांडी, तारापूरचा किनारा हाकेवर. मिठागरं आहेत, खाड्या आहेत. चार महिने पाऊस आणि बाकी आठ महिने खारा वारा. नवी पत्र्याची शेड इथे पाच-सात वर्षांत चाळणी होते. असं त्यांनी तीस वर्षांवर केलं. २०२१ साली काका गेले.

२०२३ साली चुलतेही गेले आणि वाटपाचा विषय निघाला. वारस तीन: मी, चुलतभाऊ आणि आत्या. जमिनीचं आधीच झालं होतं. राहिली पडवी आणि तिच्यातली गाडी. पडवी पाडायची होती. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तिला पैसे हवे होते आणि तिनं ते मोकळेपणानं सांगितलं. त्यामुळे "राहू दे आठवण म्हणून" असं म्हणायची सोय उरली नाही. चुलतभावानं तीन ठिकाणी शब्द टाकला.

पहिला आला भंगारवाला. त्यानं गाडीकडे पाहिलं ते डोळ्यांनी नाही, वजनकाट्यानं. आठशे किलोच्या आसपास लोखंड, बॅटरी नाही, थोडं तांबं आणि पितळ. बावीस हजार. दुसरा आला हायवेवरच्या एका हॉटेलचा मालक. त्याला गाडी दारात उभी करायची होती, लाल रंग मारून, आतल्या सीट काढून. साठ हजार. शिवाय त्यानं सल्ला दिला, "आधी धुऊन, बफिंग करून, एक हात रंग मारून घ्या, मग बघा भाव." चुलतभावाला ते पटलं. गावातले दोघेतिघेही तेच म्हणाले. म्हैस विकायला नेताना तिला धुऊन शिंगांना तेल लावतात, तसं.

तिसरे आले ते मुंबईचे एक म्हातारे मिस्त्री. त्यांचं आयुष्य जुन्या फियाटींत गेलेलं. आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "धुतली तर नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दरवाजांच्या खालच्या कडेनं फिरवत नेलं. जिथे पत्रा कुजलेला असतो आणि वर पुटी भरून रंग मारलेला असतो, तिथे चुंबक धरत नाही. आमच्या गाडीवर ते सगळीकडे टच्चकन बसलं. मग बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हाताला काळं ऑइल लागलेलं, आणि म्हणाले, "तळ जिवंत आहे."

मग त्यांनी मला मूल्यांकन शिकवलं, आणि ते मला महसूल खात्यातल्या कामाइतकंच काटेकोर वाटलं. चासिसवर ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसी बुकातले नंबर त्यांनी अक्षर-अक्षर ताडून पाहिले. जुळले. आमच्या भाषेत सातबारा आणि जागेवरची हद्द जुळली. सीटखालची सतरंजी उचलून आतला रंग बाहेरच्या रंगाशी मिळतो का ते पाहिलं. मिळाला, म्हणजे गाडी पुन्हा रंगवलेली नाही. काचांवरच्या खुणा पाहिल्या, पुढची एक काच नंतरची निघाली. डाव्या दिव्याची कड हरवलेली. ती चिंचणीच्या एखाद्या डायमेकरकडून करून घेऊ, असं मी म्हटलं. चिंचणी-डहाणूकडे घरोघर डाय बनवणारे कारागीर आहेत, पितळेत नखाएवढं नक्षीकाम करतात. मिस्त्री म्हणाले, "करतील, झकास करतील. पण विकण्याआधी नको. हरवलंय ते हरवलंय असं लिहा. घेणारा काय घालायचं ते बघेल."

मुद्दा असा की दुरुस्त न केलेल्या गाडीत घेणाऱ्याला सगळं दिसतं. रंग मारला की त्याखाली काय आहे ते झाकलं जातं, आणि झाकलेल्या गोष्टीचा भाव घेणारा नेहमी वाईटात वाईट धरतो. वीस हजारांचा रंग मारून गाडीची किंमत लाखानं खाली आणता येते. शिवाय जुना रंग, जुनं सीटचं कापड, कारखान्यातली वायर या गोष्टी एकदाच असतात. त्या काढल्या की पैसे ओतूनही परत येत नाहीत. चालू करून दाखवायचा मोहसुद्धा आवरायचा. छत्तीस वर्षं उभं असलेलं इंजिन बॅटरी लावून ओढलं तर आतली गंजाची पापुद्री सिलिंडरला ओरखडे काढते.

कागदाचं दुसरं निम्मं काम होतं. गाडी अजून आजोबांच्याच नावावर. मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, मग विकायला २९ आणि ३०. त्यात मुंबईचा नंबर, नंतर ठाण्याला झालेली नोंद, आणि आता १ ऑगस्ट २०१४पासून जिल्हा पालघर, आरटीओ वसईचं, एमएच ४८. जमिनीच्या फेरफारासारखीच ही साखळी. एक कडी तुटली की घेणारा पैसे कापतो.

आणि हिला व्हिंटेज म्हणायचं का? शौकीन लोक जागतिक वर्गवारी मानतात, तिच्यात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. त्या मापानं आमची फियाट युद्धानंतरच्या वर्गात बसते, लोक तिला क्लासिक म्हणतात. पण जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज धरली आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, नूतनीकरणाची पाच हजार, नोंदणी दहा वर्षांची. नवा नंबर घेतला तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. म्हणजे कायद्यानंही "मूळ रूप" या शब्दाला किंमत आली. जी गोष्ट काका ताडपत्रीखाली सांभाळत होते, तिला सरकारी व्याख्या मिळाली ती काका गेले त्याच वर्षी.

आता आकडे. मिस्त्रींनी कागदाच्या पाठीवर मांडले, ते तसेच देतो. हे आमच्या एका गाडीचे आणि त्या एका वर्षाचे आकडे आहेत, कुणी ते दर म्हणून धरू नयेत. उत्तम दुरुस्त केलेली डुक्कर फियाट ते स्वतः ज्या भावानं विकली गेलेली पाहत होते तो भाव साडेसहा लाख. जाहिरातीत लोक नऊ मागतात, दहा मागतात, पण मागणीचा आकडा धरायचा नाही, ताबा दिल्याचा धरायचा. आता यातून वजा करायचं. तळ, दरवाजे आणि कडा कुजलेली गाडी असेल तर पत्र्याचं काम, इंजिन, ब्रेक, वायरिंग, रबर, क्रोम मिळून पाच लाख. कागदपत्रं आणि वाहतूक पन्नास हजार. घेणाऱ्याची जोखीम आणि नफा पन्नास हजार. उरले पन्नास हजार. म्हणजे कुजलेल्या फियाटचा भाव भंगाराच्या जेमतेम वर. आमच्या गाडीला पत्र्याचं काम नाही. इंजिन फिरतंय, अडकलेलं नाही. इंजिनाचे भाग पद्मिनीच्या घराण्यातले असल्यानं कुर्ल्याच्या बाजारात अजून मिळतात. दुर्मीळ आहेत ते दिवे, जाळी, बंपर, आणि ते गाडीवरच आहेत. त्यामुळे खर्च पाचऐवजी पावणेतीन लाख. उरतात पावणेतीन लाख.

काळाचाही हात होता. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, आणि जी गाडी लोकांनी चाळीस वर्षं नावं ठेवत वापरली तिच्याविषयी सगळ्यांना एकदम गहिवर आला. गहिवराचा भाव फार दिवस टिकत नाही, तो असेपर्यंत विका, असं मिस्त्री हसत म्हणाले.

चुलतभावानं तेवढ्यात मोबाइलवर फ्रान्समधली गोष्ट काढली. तिथल्या पश्चिम भागातल्या एका शेतावर साठेक जुन्या गाड्या पत्र्याच्या शेडांत अर्धशतकभर पडून होत्या. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. त्यांतली १९६१ची एक फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती, ती न पुसता, न रंगवता एक कोटी साठ लाख युरोंवर गेली. चुलतभाऊ म्हणाला, "बघा, धुळीचे पैसे मिळतात." मिस्त्री म्हणाले, "धुळीचे नाही मिळत. तशा गाड्या जगात मोजक्या आहेत. फियाट हजारो झाल्या." दुर्मीळ गाडीत मूळपणाला वेगळा भाव चढतो. साध्या गाडीत मूळपणा म्हणजे वाचलेला खर्च. आमचा हिशेब दुसऱ्या जातीचा होता, आणि म्हणूनच तो रुपयांत मांडता येत होता.

मी रात्री तो कागद घेऊन बसलो. कुजलेल्या गाडीचे पन्नास हजार, आमच्या गाडीचे पावणेतीन लाख. मधला फरक सव्वादोन लाख. हा फरक कुठून आला? कारखान्यातून नाही, दोन्ही गाड्या कुर्ल्याच्याच. आजोबांच्या पैशातून नाही, आमच्या कुणाच्या घामातून तर नाहीच. तो आला सागाच्या चार ओंडक्यांतून आणि काळ्या ऑइलमधून. दुरुस्त न केलेली गाडी आणि दुर्लक्षित गाडी यांत बाजार सव्वादोन लाखांचा फरक करतो, आणि तो सगळा फरक एका माणसाच्या तीस पावसाळ्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी मी हे दोघांपुढे ठेवलं. चुलतभाऊ गप्प झाला, मग म्हणाला, "त्यांना पगार होता ना?" मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशीपर्यंत होता. "राहायला जागा होती, भात होतं." ते राखणीचं होतं, मी म्हटलं. त्याचंही खोटं नव्हतं. कायद्यानं बघितलं तर वारस तीनच, आणि मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो की कागदावर नाव नसेल तर हक्क नाही. आत्या इतका वेळ पाय चोळत ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नात मला सासरी सोडायला तेच आले होते. गाडीचे चार वाटे करा." पैशाची सगळ्यांत जास्त गरज तिलाच होती, त्यामुळे तिच्यापुढे कुणाला बोलता आलं नाही.

मिस्त्रींनी आणलेल्या गिऱ्हाइकानं अडीच लाखांपासून सुरुवात केली. मी चुंबक त्याच्याच हातात दिलं. रंग न काढता गाडी आहे तशी ठेवणार म्हणाला, नुसतं इंजिन आणि ब्रेक करून. दोन लाख ऐंशी हजाराला सौदा झाला. प्रत्येक वाटा सत्तर हजार. हिशेबानं काकांचा वाटा याच्या तिपटीहून मोठा निघतो, ते आत्यानं स्वतःच बोलून दाखवलं. पण घरात जेवढं एकमतानं झालं तेवढं हे झालं.

काकांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करतो. तो शिफ्ट संपवून आला तेव्हा पावती करायची होती, सवयीप्रमाणे मीच लिहायला घेतली. कशापोटी, या रकान्याशी थांबलो तोवर चुलतभाऊ म्हणाला, "बक्षीस लिहा, सोपं पडेल." मुलानं वर पाहिलं. तो बोलला काहीच नाही. आत्या म्हणाली, "बक्षीस नको. जे आहे ते लिही." मी लिहिलं: मोटारगाडीच्या विक्री किमतीतील वाटा, वडिलांनी सन १९८८ ते २०२१ गाडी राखली त्यापोटी. त्यानं ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. जाताना ओंडके नेऊ का म्हणून विचारलं. दोन धड होते, ते त्यानं मोटारसायकलला बांधून नेले.